पोटोसी (बोलिव्हिया): उयुनीच्या वाटेवरचं म्हणून सोडून द्यावं का?

वाटाड्या_मंजिरी

नमस्कार मंडळी, मुलगा सध्या कामानिमित्त चिलीत सांतियागोला आहे, जुलैमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय आणि तिकडून बोलिव्हियात शिरायचा बेत आहे. आताकामाहून जीपने उयुनीचं मिठाचं मैदान, मग बसने सुक्रे. नकाशावर बघितलं तर मध्ये पोटोसी लागतं. ट्रॅव्हलवाल्यांचं म्हणणं की तिथे थांबू नका, उंची फार, थंडी फार, बघण्यासारखं काही नाही, सरळ सुक्रेला उतरा. पण मला इतिहासाची आवड आहे आणि शाळेत असल्यापासून कुठेतरी डोक्यात बसलंय की स्पेनची सगळी चांदी याच गावातून आली. तर विचारायचंय असं की जवळजवळ चार हजार मीटरवर, जिथे धड झाडसुद्धा उगवत नाही, तिथे एवढं मोठं शहर वसलंच कसं? आणि एवढी चांदी निघाली तर मग आज ते गाव गरीब का? आणि हो, तिथे खाणीत टूरिस्टांना नेतात म्हणे, ते करावं का नाही? ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

नाणेघाट

मंजिरीताई, थांबा. नक्की थांबा. माझं या शहरावर फार प्रेम आहे त्यामुळे प्रतिसाद लांबेल, आधीच सांगतो.

शहर वसलं ते एका डोंगरामुळे. सेर्रो रिको. लालसर तपकिरी, शंकूसारखा, उंची साधारण ४८०० मीटर, आणि शहर त्याच्या पायथ्याशी ४०५०-४१०० वर. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली, सापडवणारा म्हणून दिएगो वाल्पा या स्थानिक माणसाचं नाव सांगतात. जवळच्या पोर्कोच्या खाणी तर इंकांच्या, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीच्या राज्यकर्त्यांच्या, काळापासूनच चालू होत्या, म्हणजे या भागातल्या लोकांना चांदी काही नवीन नव्हती. बातमी फुटली आणि माणसं धावली. साठ-सत्तर वर्षांत वस्ती सव्वा ते दीड लाखांच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या युरोपातल्या मोठ्या राजधान्यांच्या पंगतीला हे गाव बसत होतं. आणि सगळं बाहेरून आणायचं, धान्य, कोकाची पानं (तिकडे चघळतात ती), लाकूड, कापड, दारू, सगळं. खेचरं आणि यामांचे (लामा, तिकडचं ओझं वाहणारं जनावर) तांडे वर्षभर चालू.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते सांगतो. पहिली पंचवीसेक वर्षं चांदी गाळायची विद्या स्पॅनिशांकडे नव्हतीच, ती होती स्थानिकांकडे. मातीच्या, अंगभर भोकं असलेल्या छोट्या भट्ट्या, डोंगराच्या उतारावर वाऱ्याच्या तोंडाला लावून ठेवायच्या, खाली वाळलं गवत आणि यामाचं शेण जाळायचं, आणि तिथला जो बोचरा वारा आहे ना तोच भात्याचं काम करायचा. हजारो भट्ट्या, रात्री अख्खा डोंगर उजळलेला दिसायचा असं त्या काळच्या बखरकारांनी लिहून ठेवलंय. स्पॅनिश लोकांनी आपले भाते आणून बघितले, जमलं नाही. त्यामुळे खनिज स्थानिक गाळणाऱ्यांच्या हातात द्यावंच लागायचं आणि त्यातला हिस्सा त्यांच्याकडे राहायचा. बाजारात बायका कोका, मक्याची दारू आणि चक्क चांदीचं खनिज विकायला बसायच्या.

मग वरचं उत्तम खनिज संपलं. १५७० च्या आसपास धंदा बसायला आला होता आणि तेव्हा स्पेनच्या राजाचा व्हाइसरॉय तोलेदो आला आणि त्याने दोन गोष्टी केल्या ज्यांनी सगळं पालटलं. एक म्हणजे पाऱ्याने चांदी काढायची पद्धत. खनिज दळून पीठ करायचं, त्यात पारा नि मीठ मिसळायचं, पारा चांदीला धरतो, मग तापवून पारा उडवायचा. हलक्या खनिजातूनही चांदी निघायला लागली. पारा पेरूतल्या वान्काव्हेलिकाहून यायचा. दळायला पाणचक्क्या लागणार आणि पाऊस तर जेमतेम तीन-चार महिने, म्हणून गावाच्या वरच्या कारी कारी डोंगररांगेत बांध घालून तलावांची साखळीच तयार केली. ते तलाव अजून आहेत, बघता येतात. त्यातल्याच एका तलावाचा, सान इल्देफोन्सोचा, बांध १६२६ च्या मार्चमध्ये फुटला आणि खालच्या चक्क्या आणि वस्ती वाहून गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे मिता, सक्तीची पाळी. सोळा-सतरा प्रांतांतून, पार पेरूतल्या कुस्कोच्या बाजूपर्यंतच्या गावांतून, कामकरी वयाच्या पुरुषांपैकी दर सातातला एक, वर्षाला साधारण साडेतेरा हजार माणसं. बायकामुलं, यामा, वाटेचं धान्य घेऊन आठवडेच्या आठवडे चालत यायचे. एक आठवडा काम, दोन आठवडे सुटी असा कागदावरचा नियम. खाणीत चामड्याच्या दोरांच्या शिड्या, पाठीवर पंचवीसेक किलोचं ओझं, आणि हात मोकळे राहावेत म्हणून मेणबत्ती अंगठ्याला बांधलेली. तसं वर चढायचं. रोजी होती साडेतीन रेआल (स्पॅनिश चांदीचं नाणं), पण वरच्या महागाईत तेवढ्यात काय भागणार.

एवढं वाचून थकला असाल. गरीब का झालं ते नंतर लिहितो.

चांदणचुरा

वा नाणेघाट, येऊ द्या अजून.

मंजिरीताई, मी सुक्रेहून पोटोसीला गेले होते, त्यामुळे मी आपली बघण्याच्या गोष्टींवर लिहिते. "बघण्यासारखं काही नाही" असं ज्याने सांगितलं तो बसमधून खाली उतरलेला नसणार.

सगळ्यात आधी कासा दे ला मोनेदा, म्हणजे टांकसाळ. पहिली टांकसाळ १५७० च्या दशकातली, आताची जी प्रचंड इमारत आहे ती १७५९ ते १७७३ मध्ये बांधलेली, अख्खा चौक व्यापून बसलीये. भिंती मीटरभर जाड आणि आत इतकं गार की जुलैत जाणार असाल तर थर्मल, टोपी, हातमोजे सगळं घालूनच जा. गाइडबरोबरच आत सोडतात. आतमध्ये लाकडाची यंत्रं आहेत ना, ती बघून मी खिळूनच राहिले. वरच्या मजल्यावर माणसापेक्षा उंच लाकडी दातेरी चाकं, त्यांच्या मध्ये रूळ, चांदीची पट्टी त्यातून पुन्हा पुन्हा काढून नाण्याच्या जाडीची करायची. आणि ही चाकं फिरवायची कोणी, तर खालच्या मजल्यावर गोल गोल चालणाऱ्या खेचरांनी. खाली गेलं की ती फिरायची जागा दिसते, वर बघितलं की मोठा खांब छतातून वर गेलेला. खेचरं त्या हवेत फार टिकायची नाहीत असं गाइड म्हणाला. ओतकामाच्या भट्ट्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबायचे, खाणीपेक्षा टांकसाळीत जास्त होते ते.

तिथेच एक चित्र आहे ते चुकवू नका, डोंगराची मरियम (मरियम म्हणजे येशूची आई). मरियमचा झगाच डोंगर आहे, म्हणजे वर चेहरा आणि दोन हात आणि खाली झग्याच्या जागी सेर्रो रिको, त्याच्यावर वाटा, माणसं, यामा, सगळं बारीक बारीक काढलेलं, पायाशी पोप आणि राजा, आणि झग्यावर एक इंका राजासुद्धा. चित्रकाराचं नाव माहीत नाही. अँडीजमध्ये डोंगर पूर्वीपासून देवच, मग मिशनऱ्यांची मरियम आली, आणि कोणीतरी दोघांना एकत्र करून टाकलं. मी बराच वेळ त्याच्यासमोर होते.

मग सान लोरेन्सो चर्चचं दार. अठराव्या शतकातलं दगडी कोरीवकाम, गिटार वाजवणाऱ्या जलपऱ्या, सूर्य, चंद्र, तारे, कोरणारे हात स्थानिक. बाहेरूनच बघायचं असतं, तिकीट नाही. गल्ल्या अरुंद आणि मुद्दाम वळणावळणाच्या आहेत, वारा अडावा म्हणून. एका गल्लीचं नावच सात वळणांची गल्ली.

उंचीचं म्हणाल तर तुम्ही उयुनीकडून येताय ना, तिथल्या जीपच्या वाटेवर याहून उंच जागा लागतात, त्यामुळे पोटोसीला येईपर्यंत शरीर सरावलेलं असेल. तरी पहिल्या दिवशी चढ चढू नका, आणि काकांना बीपीची गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, पण पानं भारतात आणू नका, इकडे बेकायदा आहे.

खाण्यात कालापुर्का. मक्याच्या पिठाचं घट्ट तिखट सूप, मातीच्या वाडग्यात आणतात आणि त्यात तापवलेला ज्वालामुखीचा दगड टाकलेला असतो, टेबलावर येईपर्यंत रटरटत असतं. मांस असतं त्यात, शाकाहारी असाल तर आधी विचारा.

वाटाड्या_मंजिरी

दोघांचे मनापासून आभार! चांदणचुरा, तू लिहिलंस त्या चित्रासाठी तरी थांबणार हे नक्की झालं. यांना बीपीची गोळी आहेच, डॉक्टरांकडे जाऊन येतो.

नाणेघाट, एक विचारायचं राहिलं. मी एके ठिकाणी वाचलं की त्या खाणीत ऐंशी लाख माणसं मेली. हे खरं आहे? वाचून झोप लागेना. असं असेल तर मग तिथे हौसेने जाऊन फोटो काढणं बरोबर तरी आहे का?

कातळ

मंजिरीताई, खाणीच्या प्रश्नावर मी लिहितो. माझी सगळी नोकरी चंद्रपूरकडे कोळसा खाणीत झाली, निवृत्त झाल्यावर पोटोसीला मुद्दाम ती खाण बघायला गेलो होतो. ऐंशी लाखांचं नाणेघाट सांगतील, मी आज काय आहे ते सांगतो.

डोंगर चालू आहे. हजारो लोक आजही रोज आत जातात. जस्त, शिसं, कथिल आणि थोडी चांदी. १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारच्या झाल्या होत्या, मग १९८५ ला जागतिक बाजारात कथिल कोसळलं आणि सरकारने वीस हजारांहून जास्त खाणकामगार घरी पाठवले. तेव्हापासून सेर्रो रिकोमध्ये सहकारी संस्थांचं राज्य. सहकारी म्हणजे आपल्या साखर कारखान्यासारखं काही डोळ्यासमोर आणू नका, तिथे प्रत्येक टोळी आपापल्या बोगद्यात खणते आणि निघेल ते विकून वाटून घेते. पगार नाही. निघालं तर पैसा, नाही निघालं तर काही नाही. टोळीत रोजंदारीवर ठेवलेली पोरं असतात, त्यांचे हाल जास्त.

मी आत गेलो तेव्हा पहिली नजर छताकडे गेली, सवय आहे. आधार म्हणून निलगिरीच्या बल्ल्या, काही वाकलेल्या, काही ठिकाणी आधारच नाही. हवा खेळवायची सोय म्हणजे एक काँप्रेसरची नळी. सुकं ड्रिलिंग, धूळ, मास्क बहुतेकांना नाही. या धुळीने फुप्फुसं दगड होतात, सिलिकोसिस, चाळिशी-पन्नाशीतली माणसं त्यानेच जातात. खाणीत कोणी जेवत नाही, गालात कोकाचा बोळा धरतात आणि त्याची चव गेली की पाळी संपत आली असं समजतात.

आत एका बाजूच्या बोळात एल तिओची मूर्ती असते. मातीची, शिंगं असलेली, तोंडात सिगरेट, मांडीवर कोकाची पानं, अंगावर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या. बाहेर चर्च आणि आत हा. जमिनीखालचं सगळं त्याचं. शुक्रवारी काम संपलं की त्याच्याजवळ बसतात, कडक अल्कोहोलचे थेंब आधी जमिनीवर आणि मग आपल्या तोंडात. मी त्या माणसांबरोबर बसलो. भाषा फारशी येत नव्हती पण खाणीतला माणूस खाणीतल्या माणसाला ओळखतो, माझ्या हातावरचे निळे व्रण बघून एकाने माझा हात धरला आणि बाकीच्यांना दाखवला.

आणि बायका. बोगद्याच्या तोंडाशी छोट्या खोल्यांत राहून रात्री अवजारांची राखण करणाऱ्या बायका असतात, पुष्कळ जणी खाणीत नवरा गेलेल्या. काही जणी टाकाऊ दगडांच्या ढिगातून हाताने खनिज निवडतात. टूर या बायकांच्या दारावरूनच जातो, त्यांच्याशी दोन शब्द बोला.

जावं का? माझं मत, तुम्ही दोघांनी आत जाऊ नका. आत वाकून, कधी रांगत जावं लागतं, धूळ आहे, आणि बीपी असताना त्या उंचीवर कशाला. डोंगर आतून चाळण झालाय, २०११ ला शिखराजवळच मोठा खड्डा पडला, २०१४ मध्ये युनेस्कोने या शहराला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं (१९८७ पासून ते जागतिक वारसा आहे). ४४०० मीटरच्या वर खोदायला बंदी आहे तरी खोदतात, कारण दुसरं काम नाही. मुलगा जाणार असेल तर स्वतः खाणीत काम केलेला गाइड घ्यावा, असे पुष्कळ आहेत तिथे, आणि खालच्या खाणकामगारांच्या बाजारातून त्यांच्यासाठी कोका, सरबताच्या बाटल्या, हातमोजे घेऊन जावं. डायनामाइटपण मिळतं तिथे उघड्यावर, ते घेऊन मजा म्हणून उडवण्याचा प्रकार काही टूरवाले करतात, तसल्या टूरबरोबर जाऊ नये. मला राग येतो त्याचा. ज्या डोंगरात माणसं खणतायत तो डोंगर तुम्ही हादरवायचा कशाला?

नाणेघाट

कातळसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मंजिरीताई, ऐंशी लाखांचा आकडा खूप ठिकाणी दिसतो पण त्याला कागदपत्रांचा आधार नाही. साधा हिशोब करा, वर्षाला साडेतेरा हजार हा कोटा सुरुवातीचा, तोही पुढे पुढे भरेना, सतराव्या शतकाच्या शेवटी तर चार-पाच हजारांवर आला. म्हणजे अडीचशे वर्षांत आलेल्या सगळ्यांची बेरीज केली तरी ऐंशी लाख होत नाहीत. म्हणून जुलूम कमी होता असं अजिबात नाही. माणसं कड्यावरून पडून, दरडीखाली, पाऱ्याच्या वाफेने, धुळीने, साथीने गेली, आणि गावंच्या गावं ओस पडली. पण ओस पडायचं एक मोठं कारण म्हणजे माणसं पळून जात होती. आपलं गाव सोडून दुसऱ्या प्रांतात परका म्हणून राहिलं की मिता चुकायची, मग जमीन गेली तरी चालेल पण खाण नको, असं लाखोंनी ठरवलं. काही गावांचे मुखिया माणसाऐवजी रोख रक्कम भरायचे, आणि काही खाणमालकांना ती रोख इतकी गोड लागली की खाण चालवण्यापेक्षा ते पैसे खिशात टाकणंच त्यांना बरं वाटायला लागलं.

मला या शहराबद्दल जे मनापासून सांगायचंय ते हेच आहे, की इथले लोक नुसते मेलेले लोक म्हणून लक्षात ठेवू नका. ऐंशी लाख म्हटलं की सगळे एका ढिगात जातात. आधी त्यांच्या भट्ट्या होत्या. मग स्वखुशीने मजुरीला येणारे होते, ते मितावाल्यांपेक्षा कितीतरी जास्त पैसे मागून घ्यायचे. आणि अठराव्या शतकात काहचा म्हणून लोक होते, शनिवारी संध्याकाळी खाणीत शिरायचे आणि सोमवारी पहाटेपर्यंत जे खणतील ते आपलं, असा त्यांचा दावा. मालक ओरडले, चोर म्हणाले, शिपाई आणले, काही झालं नाही, काहचांनी आपल्या छोट्या चक्क्यांवर दळून चांदी सरकारी पेढीला विकली, आणि चांदीचा तो हिस्सा इतका मोठा होता की सरकारलाच ते बंद करणं परवडेना. कातळसाहेबांनी ज्या टोळ्यांबद्दल लिहिलं त्या मला याच लोकांच्या वारस वाटतात. डोंगर आमचा, हा दावा त्यांनी कधी सोडला नाही.

आता गरीब का. चांदी निघाली पण मुक्कामाला राहिली नाही. यामांवरून आरिका बंदर, तिथून जहाजाने लिमाचं बंदर, पनामा, आणि स्पेनमधलं सेव्हिल. राजाचा पाचवा हिस्सा, आणि राजा तो युद्धांवर नि सावकारांच्या व्याजावर घालवायचा. गावातला पैसा चर्च, मिरवणुका, जुगार आणि मारामाऱ्यांवर. १६२२ ते २५ तर बास्क (उत्तर स्पेनकडचे) खाणमालक विरुद्ध बाकीचे स्पॅनिश अशी रस्त्यावर लढाईच चालू होती. मग १६४९ ला टांकसाळीतला घोटाळा उघडकीला आला, नाण्यांत चांदी कमी घालत होते, युरोपच्या बाजारात पोटोसीचं नाणं कोणी घेईना, मुख्य आरोपी गोमेस दे ला रोचा याला फाशी झाली आणि १६५२ पासून नाण्याचा छापच बदलला. पुढच्या काळात मेक्सिकोची चांदी पुढे निघाली. १८२५ ला स्वातंत्र्य मिळालं, स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार स्वतः डोंगर चढला, तेव्हा गावात आठ-दहा हजार माणसं उरली होती. मग कथिलाने पुन्हा उभं केलं, ते १९८५ पर्यंत. आज दोन लाखांच्या आसपास वस्ती आहे.

आणि उयुनीच्या मिठाखालचं लिथियमही याच पोटोसी प्रांतात येतं बरं का. २०१९ मध्ये इथले लोक रस्त्यावर उतरले ते हे लिथियम काढायच्या कराराविरुद्ध, प्रांताला मिळणारा वाटा तुटपुंजा आहे म्हणून, आणि सरकारला तो करार रद्द करावा लागला. बाहेरच्या बातम्यांत अडमुठे लोक असं आलं होतं. हा इतिहास माहीत असलेला माणूस त्यांना अडमुठे म्हणणार नाही.

खणखणीत

उशीर झाला, पण नाण्यांबद्दल थोडं. जुनी पोटोसी नाणी म्हणजे हातोड्याने ठोकलेली, वेडीवाकडी, एकासारखं एक नाही. पट्टीतून तुकडा कापायचा, वजनाला जास्त भरला तर कडा कातरायच्या, म्हणून कडा तुटक्या दिसतात. आठ रेआलचं नाणं साधारण २७ ग्रॅम. एका बाजूला क्रॉस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत सिंह नि किल्ले, आणि टांकसाळीची खूण पी. घोटाळ्यानंतरच्या नाण्यांवर समुद्राच्या लाटांवर उभे दोन खांब. १७६७ पासून यंत्रावरची गोल नाणी आली, त्यांवर गावाच्या नावाची अक्षरं एकात एक गुंफलेली.

आपला संबंध आहे तो असा की हीच चांदी पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला आणि इंग्रज-डचांच्या जहाजांतून सुरतेला उतरायची, मिरी, कापड, नीळ घ्यायला त्यांच्याकडे दुसरं द्यायला फारसं काही नव्हतंच. परकी नाणी मुघल टांकसाळीत वितळवून त्याचे रुपये पाडायचे. म्हणून जुन्या रुपयांत मेक्सिको नि पोटोसीची चांदी मिसळलेली असणारच, वेगळी काढून दाखवता मात्र येत नाही.

मंजिरीताई, टांकसाळीत नाण्यांचं दालन आहे तिथे १६५२ च्या आधीचं आणि नंतरचं नाणं शेजारी शेजारी बघा. आणि गावात रस्त्यावर कोणी जुनं नाणं विकायला आलं तर घेऊ नका, बहुतेक नकली, आणि खरं असेल तर देशाबाहेर नेता येत नाही.

वाटाड्या_मंजिरी

तिकिटं बदलली! उयुनीहून सकाळची बस, पोटोसीत दोन रात्री आणि मग सुक्रे. पहिल्या दिवशी नुसतं गल्ल्यांत हळूहळू फिरणं आणि सान लोरेन्सो, दुसऱ्या दिवशी टांकसाळ. कातळकाका, तुमचं ऐकून आम्ही दोघं खाणीत जाणार नाही, मुलाला तुमचा प्रतिसाद पाठवलाय, त्याचं तो ठरवेल. पण कारी कारीच्या तलावांपर्यंत गाडी जाते का हे कोणाला माहीत आहे? आणि जुलैत रात्री हॉटेलात हीटर मिळतो का, की आधी विचारून घ्यावं?

चांदणचुरा

हीटर आहे का हे बुकिंगच्या आधी विचारूनच घ्या ताई, सगळीकडे नसतो, आणि रात्री तापमान शून्याखाली जातं. तलावांकडे गावातल्या एजन्सीवाले नेतात, पण ती चाल आहे चढाची, त्यामुळे गाडी कुठपर्यंत जाईल ते त्यांना आधी विचारा आणि तलाव दुसऱ्या दिवशीच्या दुपारीच ठेवा.